कच्च्या गड्यांचा सोपान

आयुष्यात एकदाही स्कीवर उभा राहिलेलो नसताना मी मेंटेनन्सच्या भिंतीवरच्या तक्त्यात माझ्या नावापुढचं वर्तुळ पूर्ण काळं केलं. चारही भाग. मार्करने, दोनदा गिरवून.

चाकणच्या कारखान्यांत ज्यांनी काम केलेलं नाही, त्यांना यातला गुन्हा कळायचा नाही. आमच्याकडे प्रत्येक लाईनीवर कामगारांच्या नावांचा तक्ता असतो. नावापुढे एक वर्तुळ, त्याचे चार भाग. एक भाग काळा म्हणजे गडी शिकतोय. दोन म्हणजे कुणाच्या तरी नजरेखाली काम करतो. तीन म्हणजे एकटा सांभाळतो. आणि चारही काळे म्हणजे हा दुसऱ्याला शिकवू शकतो. सोपानने तोच तक्ता गुलमर्गच्या स्की ट्रिपसाठी काढला होता. बारा नावं, ज्याने त्याने आपलं वर्तुळ आपणच भरायचं. आठ कोरी राहिली, दोघांनी अर्धी भरली. खुद्द सोपानने स्वतःचे तीनच भाग भरले होते. ते तीन बघितले आणि माझा हात मार्करकडे गेला. त्याच्यापेक्षा एक भाग जास्त, एवढंच मला हवं होतं.

सोपान आमचा मेंटेनन्सचा फिटर. महाळुंग्याच्या बाजूचा, पिढीजात शेतकरी घरातला. आता शेताच्या जागी कारखाने आहेत आणि सोपान त्यातल्याच एका कारखान्यात पाना घेऊन फिरतो. रुंद खांदे, बारीक आवाज, आणि बोलताना समोरच्याकडे न बघता त्याच्या बुटांकडे बघायची सवय. बुटांवरून माणूस कळतो म्हणायचा. "त्वांड काय, कसंबी करता येतं. बूट खोटं बोलत न्हाईत."

कंपनीने त्याला एकदा तीन महिने परदेशात, मूळ कारखान्यात मशिन शिकायला पाठवलं होतं. ऐन हिवाळ्यात. तिथल्या एका म्हाताऱ्या फिटरने दर रविवारी याला डोंगरावर नेलं आणि पायांना स्की बांधल्या. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. "त्यो ढकलायचा, मी पडायचो. भाषा कशाला लागतीया?" तीन महिन्यांत सोपान मशिन शिकून आला, ते साहेबांना हवं होतं म्हणून. स्की शिकून आला, ते कुणालाच नको होतं. परत आल्यावर त्याने डबा खाता खाता जाहीर केलं, "आपून समद्यांनी जायाचं. एकट्यानं घसरन्यात काय मजा न्हाई."

आता माझं दुखणं सांगतो. सोपानच्या आधी डिपार्टमेंटच्या सहली मी काढत असे. मी, विलास, पर्चेसमधला. दिवेआगर, महाबळेश्वर, गणपतीपुळे. बस मी ठरवायचो, हॉटेल मी ठरवायचो, आणि परत आल्यावर आठ दिवस लोक मला कॉरिडॉरमध्ये थांबवून "विलासराव, मजा आली" म्हणायचे. त्या आठ दिवसांवर मी वर्ष काढायचो. सोपानने गुलमर्गचं नाव काढलं आणि दिवेआगरला जायला कुणी उरलंच नाही. ज्या माणसांना महाबळेश्वरपलीकडे स्वेटर घालायची वेळ आली नव्हती, ती माणसं चहाच्या टपरीवर बर्फाच्या जाती सांगू लागली. मी काळेवाडीला घरी जाऊन बायकोसमोर पाय आपटले. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तुम्हाला जायचं नाही का?" मी म्हटलं, "जायचंय गं, पण त्याच्या मागून कसा जाऊ?"

त्याची तयारी बघून माझा जळफळाट आणखी वाढला, कारण तयारीत खोट काढायला जागा नव्हती. मी सहल ठरवताना सगळ्यात उत्साही माणसाला विचारायचो. सोपान सगळ्यात घाबरलेल्याला विचारायचा. आमच्यात गायकवाड काका होते, स्टोअर्सचे, परभणीकडचे. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं. त्यांना मरायच्या आधी एकदा बर्फ हातात घ्यायचा होता, आणि उंचीचं त्यांना इतकं भय होतं की स्टोअर्सच्या शिडीवर तिसऱ्या पायरीपुढे ते कधी चढले नव्हते. सोपानने अख्खी ट्रिप काकांवर बेतली. "लाईनीचा येग कोण ठरवतं? सगळ्यात हळू मशिन. मग तिलाच इचारून लाईन लावायची." काकांना झेपेल एवढंच रोज शिकायचं. मध्ये एक दिवस कोरा, कुणी आजारी पडलं तर, हवा बिघडली तर. आणि काही बिघडलं नाही तर? "तर झोपायचं. कंपनीत झोपायला मिळतं व्हय?"

क्वालिटीतली मनीषा मात्र स्नोबोर्डवर अडून बसली होती. सोपान तिच्या बुटांकडे बघत म्हणाला, "बाई गं, दोन पाय एकाच फळीला बांधायचे म्हंजी लगीनच. पयल्या दिशी निस्ती बुडावर बसशील." तिने ऐकलं नाही. मग याने स्टोअर्समधून पॅकिंगचा टाकाऊ फोम आणला आणि आपल्या आईकडून तिच्या पँटला आतून शिवून घेतला. मी हे सगळ्यांना हसून सांगितलं. गुलमर्गला पहिल्या दिवशी संध्याकाळी मनीषाएवढी सरळ खुर्चीत बसलेली दुसरी एकही व्यक्ती नव्हती, हेही सांगून टाकतो.

खरी कमाल चाकणला झाली. सोपानच्या चुलतभावाचं तिथे बटाट्याचं कोल्ड स्टोरेज आहे. एका रविवारी त्याने सगळ्यांना तिथे बोलावलं, बर्फात घालायचे सगळे कपडे घेऊन. कुणी थर्मल आणलेले, कुणी बाईकवर घालायचा रेनसूट. सगळे अंगात चढवून एकेकाने वीस मिनिटं बटाट्यांच्या गोण्यांमध्ये उभं राहायचं. ज्याला थंडी वाजली त्याने आणखी एक थर. ज्याला घाम आला त्याने एक कमी. मग बाहेर रिकाम्या गोण्यांचा ढीग रचलेला, त्यावर पडण्याची शिकवणी. हात छातीशी, बाजूला झुकायचं, गुडघे जुळवून बूड टेकायचं. "उभं ऱ्हायाला कुनीबी शिकवंल. आमी पडायला शिकवतो." छप्पन्न वर्षांचे गायकवाड काका दिवसभर गोण्यांवर पडत होते, उठत होते, परत पडत होते. चुलतभावाची बायको चहा आणताना हसून हसून किटली सांडत होती.

मी पडलो नाही. मी पूर्ण वर्तुळवाला. मी बाजेवर बसून चहा पीत सूचना दिल्या. "काका, वजन पुढे! पुढे वजन!" असं काहीतरी. मोबाईलवर पाहिलेलं. सोपान माझ्या बुटांकडे बघत होता. त्यात काही विशेष नव्हतं, तो सगळ्यांच्याच बघायचा.

निघायच्या आधी त्याने कोरे गडी भरलेल्यांमध्ये वाटून दिले. बाकीच्यांकडे दोन-दोन, तीन-तीन; माझ्याकडे एकच. "गायकवाड काका आन् इलासराव." मी सगळ्यांकडे एक नजर फिरवली. ट्रिपमधली सगळ्यात नाजूक जबाबदारी कुणाला मिळाली, बघा.

गुलमर्गला पहिले दोन दिवस मी गुडघा धरून काढले. जुनं दुखणं, थंडीत उफाळतं, वगैरे. सोपानने दोन स्थानिक उस्ताद लावले होते. ते सगळ्यांना दोरीने आखलेल्या सपाट जागेत चालवायचे, थांबवायचे, वळवायचे. काका थरथरत का होईना, दहा-बारा फूट घसरून स्वतःचं स्वतः थांबू लागले. थांबले की मागे वळून सोपानला शोधायचे. मी दोन हातांच्या अंतरावर उभा असायचो, पण शोधायचे सोपानला. हे दोन दिवस चाललं.

तिसऱ्या दिवशी दुपारी सोपान दोन अर्ध्या वर्तुळवाल्यांना घेऊन वरच्या उतारावर गेला. जाताना म्हणाला, "काका दोरीच्या आतच. आज एवढंच." मी मान डोलावली. काका मला म्हणाले, "विलास, हा सोपान म्हणजे देवमाणूस आहे बघ. त्याच्यामुळे मी इथं उभा आहे." त्यांनी हे वाक्य उद्यावर ढकललं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. मी म्हटलं, "काका, इथं काय बालवाडीत खेळताय? चला, तुम्हाला खरा उतार दाखवतो. मी आहे ना."

काकांनी दोरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि माझ्यावर विश्वास ठेवला, कारण भिंतीवर तसं लिहिलेलं होतं.

गुडघ्याचं दुखणं विसरून मी भाड्याच्या स्की पायांना चढवल्या. चेअरलिफ्टमध्ये काकांनी डोळे मिटून रामरक्षा म्हटली. वर पोचल्यावर खुर्चीतून उठून घसरत बाजूला व्हायचं असतं, हे मला वर पोचल्यावर कळलं. लिफ्टवाला ओरडला, "उठो भाईसाब, उठो!" मी उठलो आणि तोंडावर आपटलो. काकाही पडले, पण हात छातीशी, बाजूला झुकून, गुडघे जुळवून. जसं गोण्यांवर. आणि शांतपणे उठून बसले. मी मात्र उठायच्या नादात उताराच्या तोंडाशी आलो आणि पुढे मी गेलो नाही, उतारच मला घेऊन गेला. आधी पायांवर, मग पाठीवर, मग कशावर ते सांगता येत नाही. एक स्की कुठेतरी राहिली. जाळीपाशी बर्फाच्या ढिगात रुतलो तेव्हा गुडघा खरोखरच पिरगळला होता. पर्यटकांना बसवून ओढतात त्या लाकडी घसरगाडीवर घालून दोघांनी मला खाली आणलं. बाजूने एक शाळेची सहल चालली होती. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

खाली सोपान आलेला होता. त्याने विचारलं, "काका कुठं?"

"वर."

"कोणासंगट?"

मी वर पाहिलं तर धुकं उतरलं होतं. उतार दिसत नव्हता, लिफ्टचे खांब दिसत नव्हते. शिडीच्या तिसऱ्या पायरीला घाबरणारा माणूस त्या पांढऱ्यात एकटा होता, आणि त्याला तिथे मी नेऊन सोडलं होतं. लिफ्ट बंद करत होते. सोपानने लिफ्टवाल्याला हात जोडले आणि शेवटच्या खुर्चीत उडी मारली.

तासभर आम्ही खाली वाट बघत होतो, मी त्या घसरगाडीवरच बसून. माझ्याशी कुणी बोललं नाही. मनीषाने तिची शाल माझ्या गुडघ्यावर टाकली. मग धुक्यातून आधी आवाज आला.

"बासष्ट शून्य पाचचं बेअरिंग कुठं?"

"दुसरी रॅक. खालून तिसरा कप्पा."

"वळा. कंप्रेसरचा बेल्ट?"

"दाराजवळ. खुंटीला."

"डावा पाय दाबा. वळा. आन् ते हायड्रॉलिकचं सील?"

सोपान काकांकडे तोंड करून उलटा घसरत खाली येत होता. काकांच्या काठ्यांची टोकं त्याच्या हातात. काका खाली बघत नव्हते, दरी बघत नव्हते. डोळ्यांपुढे त्यांचं स्टोअर होतं, आणि त्या स्टोअरमध्ये त्यांना कशाचीच भीती नव्हती. प्रत्येक उत्तराला एक वळण. शेवटचं वळण घेऊन ते सपाटीला लागले तेव्हा लोकांनी आरडाओरडा केला. काका सोपानच्या गळ्यात पडून रडले. इतका सगळा घोळ घातल्यावरही त्या क्षणी माझ्या मनात आलं, हे माझ्या गळ्यात पडायला हवे होते. असूया लाज ठेवत नाही.

नंतर प्रथमोपचाराच्या खोलीत सोपान माझ्या शेजारी येऊन बसला. मी म्हटलं, "सोपान, मला स्की येत नाही."

"ठावं हाय की."

"कधीपासून?"

"गोण्यांपाशी. ज्याला येतं, त्यो बसून सांगत न्हाई. त्येचे पाय हलत्यात. तुमचे बूट ढिम्म हुते."

"मग काकांना माझ्या हवाली का केलंस?"

तो माझ्या सुजलेल्या गुडघ्याकडे बघत राहिला. "काकांना तुमच्याकडं न्हवतं दिलं, इलासराव. तुमाला काकांकडं दिलं हुतं. ते काय दोरीबाह्येर जायाचे न्हाईत. म्हनलं, त्येंच्या संगट तुमीबी आतच ऱ्हाल." मग म्हणाला, "चूक माजीच. काका इश्वास टाकतील, ह्ये ध्येनातच न्हाई आलं."

त्याने ती चूक आपल्या नावावर घेतली, आणि मला त्याचाही राग आला. चूकसुद्धा तो माझ्यापेक्षा चांगली करत होता.

चाकणला परत आल्यावर त्याने कुणाला एक शब्द सांगितला नाही. काकांनीही नाही. कंपनीत ही हकिगत पसरवली ती मीच, कारण लोकांनी माझ्या मागे हसण्यापेक्षा माझ्यासमोर हसलेलं बरं. पुढच्या दोन हिवाळ्यांत सोपानने आणखी दोन ट्रिप नेल्या, दरवेळी निम्मे नवशिके. मी गुडघ्याचं कारण सांगून घरी राहिलो आणि फोटो बघून तळमळलो. काका निवृत्त झाले तरी दरवेळी गेले.

मग सोपानची बदली गुजरातच्या नव्या प्लांटला झाली. कॅन्टीनमध्ये निरोप समारंभ ठेवला. मी आठ दिवस आधीपासून मनात तयारी केली होती. आता ट्रिपा कोण नेणार, हा प्रश्न निघणारच होता. अनुभव कुणाचा जास्त? सहली काढायला सुरुवात कुणी केली? समारंभात प्रश्न निघालाही. सोपान उठला आणि पाहुणा म्हणून आलेल्या गायकवाड काकांच्या हातात त्याने याद्यांची फाईल ठेवली. "ज्याला भ्याव ठावं हाय, त्येनंच न्यावं," एवढंच बोलला. काका ती फाईल दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात माझ्याच असतील.

त्याला कंपनीच्या बसपर्यंत सोडायला गेलो. बाहेर ट्रकांची रांग लागली होती, हॉर्न वाजत होते. न राहवून मी विचारलंच, "सोपान, खरं सांग. एकदा चुकलो. पण मला का नाही दिलंस?"

बसच्या पायरीवर एक पाय ठेवून तो थांबला. आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्याने माझ्या बुटांकडे न बघता सरळ माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"इलासराव, तुमाला मान्सं न्ह्यायची न्हाईत. मान्सांच्या म्होरं चालताना दिसायचंय तुमाला. आन् खरं सांगू का, तसं चालताना तुमी काय बरं दिसत न्हाई."