पगारातून कापलेलं जेवण

वजनकाट्यावरचा हिशेब सोपा असतो. ट्रक भरलेला येतो, वजन घ्यायचं. रिकामा होऊन परत जातो, पुन्हा वजन घ्यायचं. पहिल्यातून दुसरं वजा केलं की माल किती ते कळतं. कोरपन्याकडच्या एका सिमेंट कारखान्यात ठेकेदारामार्फत मला हे काम मिळालं आणि ते मी पहिल्याच दिवशी शिकले. पण महिना भरल्यावर मोबाइलवर पगाराची पावती आली, आणि माझं गणित अडलं. वर एक आकडा, खाली त्याहून बराच बारका आकडा, आणि मधे इंग्रजी अक्षरं. माझ्या पगारातून कुठली रिकामी गाडी वजा झाली ते काही कळेना.

मी मुलचेऱ्याकडची, तळ्याकाठच्या गावातली. आमच्या घरी मासेमारी आणि थोडं धान. आई आठवडी बाजारात मासळी विकते. आमच्या भागात वसवलेल्या बंगाली निर्वासितांच्या गावांतली गिऱ्हाइकं माशाची पारख आईपेक्षा कमी करत नाहीत, त्यांच्याशी भाव करता करता तिची जीभ धारेला लागली. वारशात शेत मिळो न मिळो, ती जीभ मला मिळाली.

काट्याच्या काचेच्या केबिनमध्ये मात्र त्या जिभेला काही काम नव्हतं. खिडकीला एक भोक, त्यातून ड्रायव्हरचा हात आत यायचा, कागद ठेवायचा, कागद घेऊन जायचा. दिवसभर हातच दिसायचे. कोणी हिंदीत एखादा शब्द बोलायचं, कोणी तेलुगूत, तोही ट्रकबद्दलच. दुपारी भोंगा झाला की माणसं घोळक्यानं कुठेतरी जायची आणि मी केबिनमागे सावलीत बसून सकाळचा डबा उघडायची. भातावर सिमेंटची बारीक धूळ बसायची. मी वाऱ्याकडे पाठ करून जेवायची, तरी धूळ बसायचीच.

आई रोज संध्याकाळी फोन करायची. काय जेवली, हे ती कधीच विचारत नसे. ती विचारायची, "कोणासंग जेवली?"

"हायेत ना इथल्या बाया," मी सांगायची आणि लगेच मासळीचा भाव विचारायची.

आमच्याकडे एकटं जेवणं म्हणजे आजारपण किंवा भांडण, तिसरं कारण नसतं. मला आजारही नव्हता आणि भांडायलाही कोणी नव्हतं. दुसऱ्याच आठवड्यात मी ठरवलं, पगार झाला की परत जायचं. ही पावती आली त्या दिवशी राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवलेला होता. नुसता द्यायचा होता. पण एवढे पैसे कापणाऱ्याशी भांडल्याशिवाय गेले असते तर आईनं मला घरात घेतलं नसतं.

ठेकेदाराच्या ऑफिसात हजेरी आणि पगार बघणारा एक वयस्क माणूस होता. मी मोबाइल त्याच्या टेबलावर आपटलाच.

"भाऊ, हे काय काय कापलं?"

त्यानं चष्मा वर केला. "हा पीएफ. हे पैसे तुयेच हायेत. तुये कापले, तेवढेच आमी टाकतो. नोकरी सोडल्यावर भेटतीन."

"आज सोडली तं?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "सोडून राह्यली का?"

"विचारून राह्यली."

"हा ईएसआय. बिमार पडली तं दवाखाना. ही बस, तू रोज येतं ते. अन् हे कॅन्टीन."

बाकीचं पटलं. पीएफचं तर बरंच वाटलं. पण कॅन्टीन ऐकताच माझी तार सटकली. "कॅन्टीनचे काऊन कापले? मी तं एक दिवस बी नाई जेवली!"

"काऊन नाई जेवली? तुयं ताट तं रोज लागते."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मले कोणी आवतन देल्लं नाई."

हे इथे सांगावं लागेल. आमच्या गावात बारसं असो की तेरवी, सकाळी एक माणूस घरोघर आवतन द्यायला फिरतो. अख्ख्या घराला बोलवायचं असेल तर चूलबंद आवतन, म्हणजे त्या दिवशी त्या घरी चूल पेटवायचीच नाही. आणि आवतन नसेल तर शेजारच्या मांडवातला वास घरात आला तरी कोणी पाऊल टाकत नाही. एकदा शेजारी बारसं होतं आणि आवतनवाला आमचं घर चुकला. आईनं त्या दिवशी मुद्दाम मासळीला दुप्पट फोडणी दिली, वास मांडवापर्यंत जावा म्हणून. पुढं वर्षभर तिनं त्या घराशी तोंड वाकडं ठेवलं. मी त्या आईची मुलगी. भोंग्यानंतर सगळे जेवायला जातात हे मला दिसत होतं, कुठे जातात तेही कळलं होतं. पण मला कोणी 'चल' म्हटलं नव्हतं.

भाऊ खोखो हसला. बाजूच्या टेबलावरच्यालाही त्यानं सांगितलं, तोही हसला. "अवो, भोंगा वाजते ना, तेच आवतन! इथी कोण घरी येऊन सांगन?" मग माझा चेहरा पाहून तो जरा ओशाळला. "मी बी तुयाच भागातला हावो. पण पह्यल्याच दिवशी गेलो बाप्पा, भुकेनं."

मला भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त रडू. महिनाभर पंगतीत माझं ताट मांडलेलं होतं आणि मी पाठ करून धूळ खात बसले होते. तेवढ्यात भोंगा झाला. राजीनामा पर्समध्येच होता. म्हटलं, पैसे कापलेत ना, मग जेवूनच जाते.

कॅन्टीन म्हणजे पत्र्याचा लांब हॉल. ताट घ्यायचं, पुढं सरकायचं, वाढणारा वर बघत नव्हता. भात, वरण, वांग्याची भाजी. घोळके आपापल्या टेबलांवर होते. मी अगदी टोकाला बसले. समोर पॅकिंगमध्ये झाडणारी एक म्हातारी बाई होती, केसांत, भुवयांत सिमेंट. तिनंही वर पाहिलं नाही. गर्दीत बसून मला केबिनमागच्यापेक्षा जास्त एकटं वाटलं, हे खरं आहे. तिथे निदान कोणी नव्हतं.

माझं जेवण झालं. आजूबाजूचे ज्याचं त्याचं आटोपून, ताट आपटून निघून जात होते. टेबलं रिकामी होत गेली. मी बसून राहिले. ठरवून नाही, सवयीनं. समोरच्या बाईचं अर्धंही झालं नव्हतं. तिचे दात थोडेच उरले होते, एकेक घास ती या गालातून त्या गालात फिरवत होती. पंगतीतल्या शेवटच्या माणसाचं झाल्याशिवाय उठायचं नाही, हात वाळला तरी उठायचं नाही, हे मला लहानपणी पाठीत धपाटे घालून शिकवलेलं. माझा उष्टा हात वाळून कडक झाला होता.

तिच्या ते उशिरा लक्षात आलं.

"तुयं झालं ना? मंग काऊन बसली?"

"तुमचं व्हायचं हाय ना, बाई."

तिचा घास हातातच राहिला. तिनं रिकाम्या टेबलांकडे पाहिलं, माझ्या वाळलेल्या हाताकडे पाहिलं. मग भराभर जेवायला लागली आणि तिला ठसका लागला. मी पाणी पुढं केलं. म्हटलं, "सावकाश जेवा. मले घाई नाई."

पाणी पिऊन ती म्हणाली, "इतके वर्स झाले इथी. मायासाठी कोणी थांबलं नाई." आणि जरा वेळानं, "कोन्या गावची तू?"

एवढ्यानं माझा एकटेपणा गेला असं नाही. संध्याकाळी बसमध्ये मी नेहमीसारखीच खिडकीशी बसले आणि बाजूची जागा नेहमीसारखीच रिकामी होती. पर्समध्ये हात घातला तर राजीनामा लागला. तो मी दिलाच नव्हता.

फोन आला. "कोणासंग जेवली?"

"एक बाई हाय," मी म्हटलं. महिन्यात पहिल्यांदा खरं बोलत होते. "लय हळू जेवते व माय. दातच नाई."

"मंग आज जेवली तू," आई म्हणाली. तेवढ्यावरून मला कळलं, आधीचं सगळं खोटं होतं हे तिला ठाऊक होतं.

"उद्या तिच्यासाठी भात थोडा मऊ मागून घेजो," ती म्हणाली.