छप्पन्नाव्या मिनिटाचा चहा

गेल्या जुलैतला तिसरा शनिवार, संध्याकाळचे पाच. हॉलचं भाडं सहाशे रुपये. हजर तेवीस जण: अमरावतीच्या आमच्या कॉलनीतल्या सिनेमा मंडळाचे बावीस सभासद, त्यात मी आणि बायको, आणि पाहुणे म्हणून हिवरखेडहून आलेले माझे साडभाऊ, म्हणजे माझ्या मेव्हणीचे यजमान. ते भाजीपाला पिकवतात.

मंडळाचा नियम साधा आहे. ज्यानं सिनेमा सुचवला, त्याच्या सिनेमाला निम्मी माणसं शेवटपर्यंत बसली तर भाडं मंडळ देतं, नाहीतर तो देतो. मे आणि जून, दोन्ही वेळा मी जर्मन सिनेमे सुचवले आणि दोन्ही वेळा भाडं मीच भरलं. मे महिन्यात शेवटी नऊ जण उरले, जूनमध्ये सात. बाराशे रुपयांचं मला काही वाटलं नाही. पण मंडळाच्या सचिव, निवृत्त मुख्याध्यापिका, स्पष्ट म्हणाल्या, "आता आणखी एकदाच. मग परदेशी सिनेमे बंद."

ते मात्र मला नको होतं. चार वर्षांत मी एकसष्ट जर्मन सिनेमे पाहिलेत, वहीत नोंद आहे. कुणी विचारलं तर मी सांगतो, युद्धाच्या सिनेमांपासून सुरुवात करू नका. घरातल्या माणसांचे आधी पाहा. बाप-लेकीचं भांडण, भाड्याची खोली, कारखाना बंद पडलेलं गाव. तिथली माणसं कमी बोलतात, पण टेबलावर ताट कसं ठेवलं यावरून राग कळतो. गाणी नाहीत म्हणून घाबरू नये. आणि खालच्या इंग्रजी ओळी सगळ्या वाचायच्या नसतात, निम्म्या वाचल्या तरी चालतं.

जुलैचा सिनेमा एकशे बारा मिनिटांचा. एक म्हातारा, त्याचं शेत, आणि ते विकून टाका म्हणणारी मुलगी. आमच्याकडे मध्यंतराशिवाय सिनेमा होत नाही आणि या सिनेमांत मध्यंतर नसतं. म्हणून मी दर वेळी एकूण मिनिटांना दोननं भागायचो आणि तिथं थांबवायचो. छप्पन्नाव्या मिनिटाला चहा. चहावाल्याला तशी वेळ दिलेली.

पंचावन्नाव्या मिनिटाला मी उठलो. पडद्यावर म्हातारा वाकून, तिकडे भाजी म्हणून खातात त्या शतावरीच्या कोंबांवर मातीचा उंच वरंबा चढवत होता. मी बटण दाबलं.

"ओ साडभाऊ!" मागून आवाज आला. "बंद कावून करून राहिले?"

"मध्यंतर आहे. चहा घ्या."

"चहा कुठं पळून चालला? त्याचा वरंबा अर्धा राहिला न! एवढी माती कायले चढवून राहिला, ते तं पाहू द्या."

"अर्धा सिनेमा झाला, साडभाऊ. बरोबर छप्पन्न मिनिटं."

"तुमी हिशेबवाले लोक! बायकोचं बोलणंबी मधातच भागाकार करून थांबवता का?"

"प्रयत्न करतात," बायको म्हणाली. सगळा हॉल हसला.

"चालू करा हो," सचिवबाईही म्हणाल्या. "ती मुलगी आत्ताच तर आली आहे शेतात."

मी पुन्हा बटण दाबलं. मुलगी वरंब्याजवळ थांबली आणि तिनं बापाच्या हातातलं फावडं घेतलं. साडभाऊ मोठ्यानं म्हणाले, "हां! ऊन लागू नये म्हून झाकून राहिला. म्हून कोंब पांढरे." पुढच्या रांगेतल्या वकीलसाहेबांनी वळून विचारलं, "आपल्याकडे होईल का?" "एवढं ऊन कुठं ठेवान?" साडभाऊ म्हणाले. कुणी उठलं नाही. मे-जूनमध्ये लोक चहाला बाहेर गेले, तिथंच गप्पांत रंगले आणि परस्पर घरी गेले, हे मला त्या दिवशी उमगलं. मी उगाच सिनेमांना दोष देत होतो.

सिनेमा संपला तेव्हा मी मोजलं. तेवीसच्या तेवीस. सचिवबाईंनी भाडं मंडळातून दिलं आणि विचारलं, "ऑगस्टला कोणता?" तेव्हाच ठरलं, यापुढे चहा शेवटी.

दाराशी चहावाला किटली घेऊन उभा होता. तोही आत डोकावून पाहत राहिला होता, चहा गार झाला होता. दुसरी किटली त्यानं आणली, तेवीस कप झाले.

"पह्यल्या किटलीचे पैसे राहू द्या भाऊ," तो म्हणाला. "थंड म्याच होऊ देली."

मी ऐकलं नाही. दहा रुपये कप, तेवीस कप, दोन किटल्या. चारशे साठ रुपये त्याच्या हातात मोजून दिले.