लाजरा, उद्धट आणि पाचव्या नंबरचा

मामांची नोकरी एकतीस वर्षांची, आणि त्यातली निम्मी चिखलात गेली. ही निंदा नव्हे. सागरी संशोधन केंद्रात मामा परिचर होते. ओहोटी लागली की जुन्या धक्क्याखालचा चिखल बादलीत भरून आणायचा, बारीक चाळणीवर धुवायचा आणि मागे उरलेले कृमी एकेक करून वेचायचे, हेच त्यांचं काम. त्या कृमींवर केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी भारदस्त निबंध लिहिले. निबंधाच्या शेवटी आभार असत. त्यात होडीवाल्याचंही नाव असे; मामांचं कधी राहून जाई, कधी चुकीचं छापलं जाई.

वेचण्याची त्यांची एक खास रीत होती. चार केसांचा रंगाचा ब्रश ओठांत धरून, शिंप्याने दोऱ्याला काढावं तसं, ते त्याला टोक काढत. मग त्या टोकाने नखाएवढा कृमी असा उचलत, की आपण जागा बदलली हे त्याला बशीत पोचल्यावरच कळावं.

त्या चिखलात एक तांबूस कृमी मुबलक सापडे. पुस्तकात त्याची जात एकच होती. मामांच्या लेखी त्या दोन होत्या. ब्रश लागला की काही कृमी अंग मुरडून गोळा होत. काही सरळ ब्रशवर चाल करून येत. पहिल्यांना मामा 'लाजरा' म्हणत, दुसऱ्यांना 'उद्धट'. पंधरा वर्षांपूर्वी त्यांनी धीर करून ही गोष्ट मोठ्या साहेबांच्या कानावर घातली. साहेबांनी दोन्ही प्रकार बाटलीतून काढले, सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे दात, केस, वळ्या मोजल्या आणि मान हलवली.

"मामा, दोन्ही एकच. स्वभावावरून जाती ठरवायच्या तर आपल्या ऑफिसातच सात निघतील."

"नऊ, साहेब," मामा म्हणाले.

सगळे हसले आणि विषय संपला. मामांच्या मनातून तो गेला नाही. घरी मात्र सहानुभूती मिळाली नाही. "किडा लाजतो ते तुम्हाला दिसतं," बायको म्हणाली, "मी परवा केस निम्मे कापून आले, ते अजून दिसलेले नाहीत."

मामांच्या निवृत्तीला दोन महिने उरले असताना केंद्रात नव्या बाई आल्या. वयाने मामांच्या धाकट्या मुलीएवढ्या. त्या कृमीचे दात मोजत नसत, त्याची जनुकं वाचत. प्रत्येक जिवात जनुकाचा एक ठरावीक तुकडा असतो. तो वाचायचा आणि अक्षरं जुळवून पाहायची. एका जातीत एखाद-दुसरं अक्षर इकडेतिकडे, वेगळ्या जातीत ढिगाने फरक. मामांनी दोन दिवस हे ऐकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी कपाटातून पंधरा वर्षांच्या बाटल्या काढून टेबलावर मांडल्या.

"मॅडम, एवढे वाचून द्या."

बाईंनी झाकण उघडून वास घेतला. "फॉर्मेलिन. मामा, यात रूप टिकतं, जनुकं नाही. ताजे हवेत."

मामांनी ताजे आणले. तीन लाजरे, तीन उद्धट, स्वतः वेचून, अल्कोहोलमध्ये. दहा दिवसांनी बाई कागद घेऊन आल्या. चेहरा गंभीर.

"मामा, हा लाजरा नव्याण्णव टक्के माणूस आहे."

"आणि उद्धट?"

"तोही. सहाच्या सहा."

मामांनी क्षणभर विचार केला. "ऑफिसातले असतील."

कारण सापडेना. शेवटी बाई त्यांच्यासमोर स्टूल घेऊन बसल्या. "नेहमीसारखं वेचा बरं." मामांनी ब्रश उचलला आणि ओठांत धरला.

"मामा! हे काय?"

"टोक काढतोय."

बाई रागावल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. एवढंच म्हणाल्या, "म्हणजे आपण दहा दिवस तुमची थुंकी वाचली."

त्या दिवशी मामा डबा न उघडताच घरी गेले. निवृत्तीआधी मोठी ओहोटी एकच उरली होती. त्या ओहोटीला ते गुडघाभर चिखलात उतरले आणि दोन बादल्या घेऊन आले. मग हातमोजे, तोंडाला मास्क, शेजारी स्वच्छ पाण्याची वाटी. एकतीस वर्षांची सवय तेवढ्याने जाते थोडीच! ब्रश तीनदा मास्कला जाऊन टेकला, तिन्ही वेळा बाईंनी निमूटपणे नवा ब्रश पुढे केला. बारा कृमींना नंबर दिले: एक ते सहा लाजरे, सात ते बारा उद्धट. प्रत्येकाचा एक बारीक तुकडा तेवढा बाईंनी काढून घेतला. तेवढं सोडलं तर बाराही जण आपापल्या बशीत, चिखलासकट, जिवंत राहिले.

निकाल आला तो निरोपसमारंभाच्या दिवशीच. मोठे साहेबही आले होते, आता निवृत्त. बाई कागद घेऊन धावतच आल्या.

"मामा, लाजरा वेगळा, उद्धट वेगळा! पण जाती दोन नाहीत. तीन आहेत."

मामांचा उजळलेला चेहरा पडला. "तिसरा कुठला?"

"पाचव्या नंबरचा. तो ना लाजरा, ना उद्धट."

मामा खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "मुरडला होता हो तो. पण सावकाश. मला वाटलं, थकला असेल."

हार तसाच टेबलावर राहिला. भाषण करणारे दोघे कागद चाळत बसले. मोठे साहेब उठले, त्यांनी चष्मा पुसला.

"मामा, मी मेलेलेच मोजत बसलो. चला, जिवंत दाखवा."

सगळे आत आले. मामांनी ब्रश उचलला, तो सवयीने ओठांकडे निघाला, अर्ध्या वाटेत थांबला. बाईंनी पाण्याची वाटी पुढे केली. चौथ्या बशीतला कृमी ब्रश लागताच गोळा झाला. मामांनी टोक पुन्हा बुडवलं आणि पाचव्या बशीत नेलं.

"आता घाई करू नका, साहेब," ते म्हणाले. "याला वेळ लागतो."