बदली माणूस न देता

संघपालची आम्ही रेल्वेच्या गँगवाल्यांनी भरपूर टिंगल केली. शिरसोलीच्या पट्ट्यातला हा आमचा चावीवाला. हातोडा घेऊन रोज रुळावरून चालायचं आणि सैल झालेल्या क्लिपा ठोकून बसवायच्या, हे त्याचं काम. पण गाडीची धास्ती एवढी, की भोंगा ऐकू यायच्या कितीतरी आधी हा गडी रूळ सोडून उतारावर उभा. "गाडी पाचोऱ्याले, संघपाल खाले," असं आम्ही चिडवायचो; पाचोरा हे तिथून बरंच लांबचं स्टेशन. मी गँगचा मुकादम, आणि चिडवण्यात पहिला मीच.

तीन वर्षांपूर्वी तोताराम त्याच्या डोळ्यांदेखत गाडीखाली गेला होता. दोघं बरोबर काम करत होते. गाडी आधी संघपालला दिसली, आणि त्याच्या तोंडून आवाजच फुटला नाही. तेव्हापासून त्याच्या आत कुणीतरी सारखं ओरडायचं, "मांगे देख!" जेवताना, लेकीला शाळेत सोडताना, बुद्धविहारात डोळे मिटून बसला तरी. बायको सपना रडकुंडीला आली.

शेवटी मीच त्याला जळगावला समुपदेशक समीक्षाताईंकडे पाठवलं. ताईंचं म्हणणं असं, की माणसाच्या आत एकटा माणूस नसतो. कुणी भिणारा असतो, कुणी रागावणारा, कुणी राखणदार. सगळे आपापल्या परीने आपल्यालाच सांभाळत असतात, म्हणून हाकलायचं कुणालाच नाही. बोलायचं, विचारायचं. ओरडणारा तो राखणदार, असं संघपालने मला सांगितलं तेव्हा मी फिदीफिदी हसलो.

दुसऱ्या खेपेहून आला आणि लगेच दुसऱ्या दिवशीची रजा मागू लागला. ताईंनी सपनाला घेऊन यायला सांगितलं होतं. माझ्याकडे माणसं कमी, रूळ बदलायचं काम डोक्यावर. मी वैतागलो, रजा दिली नाही.

"कितला फेरा मारशी? तुना राखणदारले सुट्टी दी टाक, बठ्ठं बरं व्हई जाई."

तो माझ्याकडे बघत राहिला. "दिऊ, नाना?"

"दी टाक!"

एवढ्या वर्षांत मी कुणालाही बदली माणूस हजर झाल्याशिवाय रुळावरून सोडलं नव्हतं. राखणदाराची ही सुट्टी मात्र हसत हसत मंजूर केली.

मग संघपाल सुधारला. निदान मला तसं वाटलं. गाडी दिसल्यावर उतरू लागला, पुढे भोंगा वाजल्यावर. मी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली, गँगला चहा पाजला. तो चहा आठवला की आजही मला स्वतःची शिसारी येते.

एका सकाळी स्टेशन मास्तरांचा फोन आला. मालगाडीच्या ड्रायव्हरने त्यांना कळवलं होतं, तुमचा चावीवाला भोंग्यालाही हलत नाही, अगदी शेवटी बाजूला झाला. मी मोटरसायकल काढली. संघपाल दोन रुळांच्या मधून सावकाश चालला होता. चेहरा शांत. इतका शांत मी त्याला कधी पाहिला नव्हता, आणि मला भीती वाटली.

"भोंगा ऐकू येस ना रे?"

"येस ना, नाना."

"मंग उतरस का नही?"

तो थांबला. "ताईंनी राखणदारले इचारं व्हतं, तू चूप बसना तर काय व्हई?"

"मंग?"

"तो बोलना, मी चूप बसनू तर हाऊ संघपाल उतराव नही. तोताराम गया तठेच हुबा ऱ्हाई." मग म्हणाला, "ताई बोलनी, तेले धाडू नको. पन तुम्ही सांगं, म्हनीसन धाडी दिना. आते आंगमा कोनीच ओरडत नही."

पाचोऱ्याकडून गाडी येताना दिसली. "चाल, खाले चाल," म्हणत मी त्याचा दंड धरला. "हा, नाना," तो म्हणाला. भोंगा वाजला. मी दोन्ही हातांनी त्याला ओढलं, तेव्हा माझ्या हातांना कळलं की त्याचं सगळं वजन रुळाकडे होतं.

गाडी धडधडत निघून गेली. आम्ही उतारावर खडीत पडलेलो. त्याची नजर रुळावरून हटत नव्हती. ताईंना फोन लावायचा तर मला एक हात मोकळा हवा होता, आणि त्याला धरलेला एकही हात सोडायची माझी छाती होईना.