शिटीबाईंची रेघ

शिटीबाईंना पांढरी रेघ ओलांडता येत नसे. रस्त्यावरची असो की कुणाच्या अंगणातल्या रांगोळीची. अकोटच्या बसस्थानकावर एकदा असल्याच एका पट्ट्याला वळसा घालताना त्यांची बस सुटली, तर त्या दुसऱ्या बसची वाट पाहत निवांत बसल्या. मूर्तिजापूरच्या आमच्या शाळेत त्या खेळ शिकवत. मैदानावर फक्की, म्हणजे ती पांढरी भुकटी, स्वतःच मारत. शिपायाची रेघ त्यांना वाकडी दिसे. "रेघेच्या भायेर पाय गेला का बाद. मंग तू कोनाचाबी पोरगा अस," हे आम्ही रोज ऐकायचो. माझे वडील तिथेच मुख्याध्यापक, म्हणून मी जरा जास्तच वेळा बाद झालो.

निवृत्तीनंतरही गळ्यातली शिटी उतरली नाही. गावाबाहेरच्या तलावाचा काठ राखायला त्यांनी आम्हा पाच-सहा जुन्या विद्यार्थ्यांना धरून आणलं. दर रविवारी प्लास्टिक वेचायचं आणि तोडली तरी मुळीपासून परत फुटणारी बेशरमाची झुडपं उपटायची. वरच्या फांद्या तोडून आणल्या की बाई परत पाठवत, "मुळी दाखव." पन्नाशीतली, चष्मे लावलेली माणसं आम्ही, मुळ्या हातात धरून रांगेत उभी राहायचो.

त्यांचा खरा जीव होता सुरयांवर. काळ्या टोपीचा, पिवळ्या चोचीचा हा पांढरा पक्षी उन्हाळ्यात पाणी ओसरलं की उघड्या काठावर नुसत्या खळग्यात अंडी घालतो. तीन पावलांवरूनही ती दिसत नाहीत. त्या वर्षी शेतात टाकायला गाळ काढायचं ठरलं आणि जेसीबी येणार म्हटल्यावर बाईंचं जेवणावरचं लक्ष उडालं. शेवटी त्यांनी प्रत्येक घरट्याभोवती फक्कीचा गोल मारला. दोरी मी धरली होती.

जेसीबीवाला भला माणूस. त्यानं गाडीवरून उतरून विचारलं, "बाई, फक्की तुमीच मारली काय?"

"मंग कोन मारन? रेघ पाहूनच काम करजो बरं."

"रेघ पाहूनच करतो, बाई."

आम्ही निर्धास्त घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तेव्हा जिथे जिथे गोल होते तिथे खड्डे होते आणि वर सुरय घिरट्या घालत ओरडत होते. तो खुशीत पुढे आला. म्हणाला, "पाहा बाई, तुमचा एक बी गोल सोडला नाही."

बाईंच्या आयुष्यात रेघ म्हणजे पाय टाकू नको. त्याच्या आयुष्यात रेघ म्हणजे इथं खोद. आणि मला दोन्ही ठाऊक होतं. आदल्याच वर्षी माझ्या घराचा पाया अशाच फक्कीवर खोदला होता. दोरी धरून उभा असताना ते माझ्या डोक्यात आलं नाही, याची लाज अजून जात नाही.

बाईंनी शिटी तोंडाशी नेली आणि तशीच खाली सोडली. त्याच्यावर चिडल्या नाहीत, त्याला आमच्या थर्मासमधला चहा दिला. परतताना एवढंच म्हणाल्या, "त्याचं काय चुकलं? मीच रेघ मारून घरी गेली. थांबाले पाह्यजे होतं."

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी फक्कीला हात लावला नाही. प्लास्टिकची खुर्ची आणि छत्री घेऊन स्वतःच काठावर बसू लागल्या. सुरय आले नाहीत. आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन आणि सत्तरीतली बाई. आम्ही हात जोडले, तरी उठल्या नाहीत. एका दुपारी खुर्चीतच ऊन लागलं. दवाखान्यातून मुलगा त्यांना थेट पुण्याला घेऊन गेला.

आता खुर्चीवर मी बसतो. दर रविवारी बाईंचा फोन येतो, "आले काय रे?" पक्षी नाहीत म्हटलं तर त्या उन्हातान्हाच्या निघून येतील, म्हणून 'आले' असंच सांगतो. गेल्या रविवारी म्हणाल्या, "फोन पान्याकडं धर. आवाज आयकू दे मले."

मी धरला. काय करणार? तेवढ्यात काठावरून काहीतरी ओरडत उडालं. मी फोन परत कानाला लावला.

"हे टिटवी होय," बाई म्हणाल्या. मग विचारलं, "तू तिथंच बसून हायेस ना पन?"

"हो बाई."

"मंग बसून रायजो."