शालूच्या काठाचं कडं

आमच्या घरात एकच जुनं भांडण आहे, माझ्या सासूबाईंच्या लग्नातल्या शालूचं. तो त्यांच्या वडिलांनी घेतलेला. लग्नाच्या दिवशीच त्यांच्या थोरल्या जाऊबाईंनी काठ चिमटीत धरून म्हटलं होतं, "प्लॅस्टिकची जर दिसती." झालं! पोरं झाली, नातवंडं झाली, मोशीतल्या शेतावर आमचीच बिल्डिंग उभी राहिली, दोघी वर-खाली राहायला आल्या. पण ते वाक्य काही सासूबाईंच्या मनातून गेलं नाही. "माझ्या बापाला खोटा ठरिवला," म्हणायच्या आणि डोळ्यांना पदर लावायच्या.

गेल्या वर्षी माझ्या लेकीला शाळेच्या प्रदर्शनासाठी मनगटात घालायचं दिव्यांचं कडं करायचं होतं, कापडाचं. वायर नाहीच. स्टीलच्या दोऱ्यानं शिवायचं, त्या दोऱ्यातूनच वीज जाते. तीन चिमुकले दिवे, एक चपटा सेल, टिचबटण लावलं की उजेड. मी म्हटलं, हात्तिच्या! चाकणच्या कंपनीत मी गाड्यांचं वायरिंगच तपासते. मीटरच्या दोन पिना दोन टोकांना लावायच्या. टूंऽ वाजलं की पास, नाही वाजलं की परत. मला काय शिकवता?

गुरुवारी माझी सुट्टी. लेक शाळेतून आली तशा बसलो. आमचं काळं कापड पाहून सासूबाईंनी नाक मुरडलं. "हे काय सुतकी फडकं? थांब." आतून शालू घेऊन आल्या. घडीवर विरलेला, पण काठ अजून लखलखीत. मी "अहो आत्याबाई, नको" म्हणेपर्यंत कात्री चाललीसुद्धा. "प्लॅस्टिक तर प्लॅस्टिक. पोरीच्या हातात तरी मिरवंल," म्हणाल्या. मला गलबलून आलं.

काळ्या फडक्यावर तो काठ ठेवून मी मन लावून शिवलं, अगदी बारीक टाके. टिचबटण लावलं. अंधार. पुन्हा लावलं. ढिम्म. लेक म्हणाली, "आई, तू कंपनीत खरंच हेच करतेस ना?" असा राग आला म्हणता! दिवे बदलले, सेल उलटा करून पाहिला, दोरा उसवून पुन्हा घातला. तेवढ्यात सासूबाई ओरडल्या, "अगं, ह्यो सेल तापलाय!"

सेल तापला म्हणजे वीज भलतीकडून पळतेय. नवरा वायरमन, त्याच्या पिशवीतलं मीटर काढलं. पिना आधी एकमेकींना टेकवून पाहिल्या. वाजलं, म्हणजे मीटर ठीक. मग दोऱ्यापासून लांब, नुसत्या काठावर ठेवल्या. टूंऽऽ! इथं ठेवा, तिथं ठेवा, टूंऽ.

"आत्याबाई, काठाची जर धातूची आहे! प्लॅस्टिकमधून वीज जात नाही. सगळी वीज तुमच्या काठानंच खाल्ली!"

त्यांना आधी कळेचना. मग हळूच म्हणाल्या, "म्हंजी माझा बाप खरा व्हता?"

"खराच होता, आत्याबाई!"

त्या हसल्या, रडल्या, लेकीचे मुके घेतले. मी काठाच्या दोन पट्ट्या केल्या आणि मध्ये जागा सोडून काळ्या फडक्यावर शिवल्या. एकीतून वीज जायची, दुसरीतून परत यायची, मधल्या जागेत दिवे. टिचबटण लावलं आणि तिन्ही दिवे असे पेटले की लेक घरभर नाचली.

सासूबाईंनी जिन्यातून हाक मारली, "ओ आक्का, वर या!" थोरल्या आल्या. त्यांच्या हातानंच पिना काठावर टेकवून घेतल्या. टूंऽ. थोरल्या तडक खाली गेल्या आणि स्वतःचा शालू घेऊन आल्या. "माझा बी बघ गं."

मी पिना लावल्या. काही नाही. दुसरीकडे लावल्या. काहीच नाही. थोरल्यांचं तोंड एवढंसं झालं. "माझ्या बापानं बी हौसंनं घेतला व्हता," त्या पुटपुटल्या.

मला वाटलं, आता सासूबाई इतक्या वर्षांचं सगळं बाहेर काढणार. त्यांनी माझ्या हातातून पिना ओढल्या. "तुला न्हाई जमत. आन हिकडं." थोरल्यांच्या शालूच्या घडीत दोन्ही हात घातले आणि टूंऽऽ! मी कडेला उभी होते, मला दिसत होतं. पिनांची टोकं एकमेकींना टेकलेली होती.

"वाजलं बगा, आक्का. खरीच हाय," म्हणाल्या आणि माझ्याकडे डोळे वटारले.

कंपनीत अशी चलाखी करणाऱ्याला मी लायनीवर उभं राहू देत नाही.

"पास," मी म्हटलं.