भुतांच्या भरवशावर एक वाटी

वसतिगृहात तिला सगळ्या 'घाई' म्हणत. दात घासता घासता वेणी आणि वेणी घालता घालता पाठांतर, असा तिचा खाक्या. औषधनिर्माणशास्त्राचं दुसरं वर्ष. सकाळी प्रयोगशाळा, संध्याकाळी अभ्यासिका, आणि मधले दुपारचे दोन तास आबांना जेवू घालायची, गोळ्या द्यायची नोकरी. आबा म्हणजे घड्याळं दुरुस्त करून म्हातारे झालेले गृहस्थ. अर्धांगवायूनं त्यांची वाचा गेली होती आणि उजवा हातही. मुलगा परगावी, सून बँकेत. या सुनेला घाई काकू म्हणायची.

किळस हा घाईचा जन्माचा सोबती. दुसऱ्याच्या पेल्याला तिनं कधी ओठ लावला नाही. बेसिनच्या जाळीत केस दिसला तरी ती दुसरं बेसिन शोधायची. अशा मुलीच्या नशिबी काय यावं, तर आबांची वाटी! काकू सकाळी बटाटा, गाजर, पालक, भात आणि दूध मिक्सरमधून काढून ठेवून जात. रंग थेट पोतेऱ्याच्या पाण्याचा. तो लगदा आबांच्या हनुवटीवरून ओघळायचा, मिशीत अडकून वाळायचा, आणि घाई श्वास रोखून पुसायची. शी म्हणायचीही चोरी, कारण आबांचे कान शाबूत होते.

त्यात म्हाताऱ्याला नाद भयपटांचा. दुपारभर टीव्हीवर कुणाच्या तरी कानातून अळ्या गळत, कुणी आपलीच आतडी दोरीसारखी गुंडाळत बसे. घाईला वाटे, जेवताना हे बघणाऱ्याचं पोट कशाचं बनलंय?

पण याच भुतांनी तिची नोकरी तगवली होती. महिन्याभरापासून आबा घास घेईनात. ओठ घट्ट मिटायचे, डावा हात मधे आणायचे. घाई तो हात मांडीवर दाबून धरी. एकदा पडद्यावर किंकाळी फुटली, आबांनी आ वासला, आणि घाईनं चमचा आत सरकवला. घबाडच सापडलं. तेव्हापासून किंकाळी तिथे घास. गिळताना आबा डोळे मिटत, नाक आक्रसत, सगळा चेहरा पिळून काढल्यासारखा करत.

"एवढी भीती वाटते तर बघता कशाला, आबा?" ती म्हणायची.

गेल्या शनिवारी डॉक्टर घरी येऊन वजन करून गेले. महिन्यात चार किलो उतरलं होतं. "पुढच्या शनिवारी आणखी उतरलं तर नाकातून नळी घालावी लागेल," ते म्हणाले. काकूंनी मान डोलावली. आबांनी डावा हात उचलून नाक झाकून घेतलं आणि डॉक्टर जाईपर्यंत हात काढला नाही.

तर तो शुक्रवार होता. महिन्यात भुतंही शिळी झाली होती. कुठलं मढं कधी उठणार हे आबांना ठाऊक, त्यामुळे आ काही वासेना. अर्ध्या तासात तीन घास. घाई स्वतः सकाळपासून उपाशी, दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षा, एका हातात चमचा आणि दुसऱ्यात पुस्तक. 'गोळीवरील आवरणाचे उपयोग. एक, कडू चव झाकणे.' ती मोठ्यानं घोकत होती.

"आ करा ना, आबा. उद्या वजन आहे. नळी घालतील हो. हे बघा, असा, आऽ..."

भरवणाऱ्याचं तोंड आधी उघडतं, तसं तिचंही उघडलं. आज डावा हात दाबून धरायला तिचा हात मोकळा नव्हता. आबांनी चमचा हिसकावला आणि सरळ तिच्या तोंडात खुपसला.

आबांच्या तोंडातला चमचा! पण पुढच्या क्षणी उष्टं-बिष्टं सगळं मागे पडलं. कडूजहर. जिभेपासून कानापर्यंत कडू. ती बेसिनकडे धावली, थुंकली, चूळ भरली, पुन्हा थुंकली. कडवटपणा हटेना. तिनं वर पाहिलं. आरशात मिटत आलेले डोळे, आक्रसलेलं नाक, पिळवटलेला चेहरा. आबांचा चेहरा.

भीतीचा नव्हताच तो.

आबा आधी जेवणानंतरच्या चार गोळ्या एकेक करून, पाण्याचे घोट घेत, वीस मिनिटांत गिळायचे. महिन्यापूर्वी घाईनं वेळ वाचवायला त्या खलबत्त्यात कुटल्या आणि अख्ख्या वाटीत कालवल्या. मग रोजच. काकूंना सांगितलं नाही, डॉक्टरांना विचारलं नाही. वाचलेल्या वीस मिनिटांत तिनं हा धडा पाठ केला होता, आवरणाचे उपयोग. तिला स्वतःचीच इतकी शिसारी आली की पडद्यावरच्या अळ्या बऱ्या वाटल्या.

तिनं काकूंना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं.

काकू म्हणाल्या, "डॉक्टरांना आत्ता फोन करते. उद्या ते आले की तूच सांग त्यांना. माझ्यासमोर."

"सांगते."

तिनं वाटी मोरीत रिकामी केली, राख लावल्यासारखी घासली. बटाटा उकडला, दुधात मऊ कुस्करला, मीठ घातलं. टीव्ही बंद केला. आबा चमच्याकडे बघत होते. ओठ घट्ट मिटलेले.

"माझं चुकलं, आबा," ती म्हणाली.

ओठ हलले नाहीत. तेव्हा घाईनं पहिला घास आबांच्या मिशीला लावला. थोडासा लागला, थोडा चमच्यात उरला. उरलेला तिनं स्वतःच्या तोंडात घातला, चावला, गिळला आणि तोच चमचा पुन्हा भरून त्यांच्यापुढे धरला.

आबांनी तोंड उघडलं.